चेहरा भरला की

केडगाव, ता. २२ एप्रिल १९४४

चिरंजीव कृपादान,

तुझ्या बायकोच्या गालातून आज सकाळी मेण निघालं.

तू चुकीचं वाचलेलं नाहीस. मेणच. मेणबत्तीचं असतं ते. पत्राला आधी आशीर्वाद लिहावा, खुशाली विचारावी, मग मजकुराला हात घालावा, हे मीच तुला पाटीवर गिरवून शिकवलं. आज मला ते जमणार नाही.

दया ओट्यावर बाजरी निवडत बसली होती. उजव्या गालावरचं गळू बरेच दिवस ठणकत होतं, ते फुटलं. तिनं पदर दाबून धरला आणि मला हाक मारली. मला वाटलं, सुटली बिचारी, पू वाहून गेला की आराम पडेल. पदर बाजूला केला तर पुवाबरोबर पांढुरका गोळा बाहेर आला, हरभऱ्याएवढा. बोटात धरला तर बोटाच्या उबेनं मऊ पडला. नाकाशी नेला. दर नाताळला देवळात मेणबत्त्या लावणारी मी, मला तो वास कळणार नाही?

"हे काय आहे गं?" मी ओरडलेच.

"मेन हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "लई दिस झालं, आत हाय."

घरातलं मीठ संपलंय हे सांगावं, तशा आवाजात म्हणाली.

शाळेतली मास्तरकी सोडून तू मोटारी हाकायला पलटणीत गेलास, तेव्हा मी तोंडाला येईल ते बोलले. तेव्हापासून तू माझ्या नावानं पत्र लिहीत नाहीस. नको लिहूस. पण हे पत्र तुला वाचावंच लागेल, कारण ह्या सगळ्यात तू आहेस.

आठव, गेल्या वर्षी फाल्गुनात रजेवर आलास तेव्हा दया देवीतून नुकती उठली होती. जगली हीच कृपा. तोंडभर वण, आणि अंगावर मांस म्हणून नाही. तरी तुला पोचवायला हट्टानं स्टेशनावर आली. फलाटावर तिच्या हातातली काचेची बांगडी गळून पडली. तू ती उचलून पुन्हा तिच्या हातात घातलीस, गाडीत चढलास आणि खिडकीतून म्हणालास, "चेहरा भरला की फोटो काढून पाठव."

मी शेजारीच होते. ऐकलं मी. माझ्या पायाची आग मस्तकात गेली होती, पण चार लोकांत शोभा नको म्हणून गप्प बसले. पुढं तिला तुझी पत्रं येत राहिली आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच. फोटो कुठे? चेहरा भरला का? अजून नाही का भरला?

तर तिनं तो भरून घेतला. डिसेंबरात कापडबाजारातल्या एका माडीवर पाटी लागली होती: 'देवीचे खड्डे भरून मिळतील.' तिनं ती वाचली. वाचायला मीच शिकवलं तिला. कानातली फुलं विहिरीत पडली म्हणून मला सांगितलं होतं, ती विहिरीत पडली नव्हती. त्या माडीवरच्या भामट्यानं पातेल्यात मेण वितळवलं, जाड सुईनं एकेका खड्ड्याखाली टोचलं, बोटानं दाबून सारखं केलं आणि जाताना आरसा दाखवला.

जानेवारीत तिचे गाल खरोखरच गुळगुळीत दिसत होते. मला म्हणाली, मुंबईचं मलम लावते. मला काय ठाऊक! होळीनंतर ऊन चढलं आणि गाल लाल झाले, टणक झाले, गाठी जबड्याकडे उतरायला लागल्या. शेजारच्या रंगुबाईनं पाहिलं आणि कडुलिंबाचा टाळा आणून आमच्या दाराला बांधला. देवी परत आली म्हणाली. फोडणी बंद, वेणीफणी बंद, दवाखान्याचं नाव काढायचं नाही. आपण ख्रिस्ती माणसं, आणि एकदा देवी आलेल्याला पुन्हा येत नाहीत हे मी वर्गात शिकवते. तरी मी तो टाळा काढला नाही. तिचं ते तोंड बघून माझी अक्कलच चालेना. आणि ही पोर टाळ्याखाली मुकाट बसून राहिली, कारण देवीचं नाव असलं की मेणाचं कुणी विचारत नाही.

उद्या तिला नगरला मिशनच्या दवाखान्यात नेते. जखम लहान आहे, काळजी नसावी.

तुझी आई,
मरिया


नगर, ता. ३ मे १९४४

चिरंजीव कृपादान यास आशीर्वाद,

मागच्या पत्रात जखम लहान आहे म्हणून लिहिलं. खोटं लिहिलं. माझं बोट पेरापर्यंत आत जाईल एवढी होती, आणि आता ती एकच राहिलेली नाही. उजव्या गालावर दोन तोंडं, डाव्या जबड्याखाली एक.

आम्ही दवाखान्यातच आहोत. मी व्हरांड्यात बसून लिहिते आहे. शाळेला सुट्टी आहे, ते एक बरं.

डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी गाल चाचपला आणि हातच मागे घेतला. इतकी वर्षं दवाखाना चालवणारी बाई ती. मग मला बाहेर नेऊन समजावलं. विलायतेत पूर्वी असं मेण घालत असत, नाक उंच करायला, गाल भरायला. बायकांचे चेहरे सडायला लागले तेव्हा सोडून दिलं. मेण शरीरात विरघळत नाही, पचत नाही. मांसात झिरपतं, गाठी धरतं, आणि घाणेरड्या सुईनं घातलं तर नासतं. मी विचारलं, मग काढून टाका की सगळं! त्या म्हणाल्या, "मरियाबाई, कणकेत तूप मळल्यावर तूप वेगळं काढता येतं का? जेवढं निघेल तेवढं काढते. बाकीचं तिच्याबरोबर राहणार."

बाकीचं तिच्याबरोबर राहणार. हे वाक्य मी सारखं मनात म्हणते आहे. ती तेवीस वर्षांची आहे, कृपादान.

परवा गाल चिरला. मी दाराशी उभी होते. ताटलीत जे काढून ठेवलं ते मी पाहिलं आणि पाहायला नको होतं. आता रोज दोन वेळा जखम धुतात. मिठाचं कोमट पाणी सोडायचं, चिमट्यानं आतला बोळा काढायचा, पू धरू नये म्हणून सल्फाची पूड टाकायची, नवा बोळा भरायचा. पूड लढाईमुळे मिळत नाही, चिमूट चिमूट वापरतात. बोळा काढताना ती माझा हात धरते. ओरडत नाही. ओरडायला तोंड उघडावं लागतं आणि तोंड उघडलं की गाल ताणतो. नुसती नखं रुतवते. माझ्या मनगटावर अजून खुणा आहेत.

मी डॉक्टरबाईंना म्हटलं, आत बोळा कशाला कोंबता, वरून शिवून टाका की एकदाचं. त्या म्हणाल्या, वरून मिटली तर आत पू राहतो. जखम तळातून भरली पाहिजे. वेळ लागला तरी चालेल, पण तळातून.

भरली पाहिजे! हा शब्द आता माझ्या कानाला सोसवत नाही.

त्या माडीवर मी स्वतः जाऊन आले. खोलीला कुलूप होतं. खालचा पानवाला म्हणाला, "डॉक्टर सोलापूरला गेले, तिकडं लई गिऱ्हाईक हाय म्हनं." पाटी तिथंच होती. मी ती उपटली आणि पायाखाली घेतली. बाजारात लोक बघत राहिले. बघू देत.

आई


केडगाव, ता. १८ जून १९४४

कृपादान,

आम्ही घरी आलो. धुणं-बांधणं आता मीच करते. तुझ्या वडिलांची जुनी धोतरं फाडून पट्ट्या केल्या. त्या पातेल्यात उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, वरून इस्त्री फिरवायची. कार्बोलिक साबणानं हात धुऊन धुऊन माझी बोटं पांढरी पडलीत. दयाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत निजवते, माशी बसता कामा नये म्हणून. जेवण म्हणजे पेज, चमच्यानं, डाव्या कोपऱ्यातून.

रॉकेल रेशनवर आहे, म्हणून परवा संध्याकाळी मेणबत्ती लावली. दया भिंतीकडे तोंड फिरवून ओकायला लागली. पट्टी, उशी, सगळं भिजलं. घरात होत्या तेवढ्या मेणबत्त्या मी रंगुबाईला देऊन टाकल्या. आता दिवस मावळला की आम्ही सरळ झोपतो.

रंगुबाई रोज येते बिचारी, दारातूनच डोकावते. लिंबाचा टाळा बांधला म्हणून तिचं मन तिला खातंय. मी म्हटलं, तुझा काय दोष, तू आपल्या परीनं माया केलीस.

दोष कुणाचा ते मला ठाऊक आहे.

काल पट्टी बदलून झाल्यावर मी दयाला विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं, तिला बोलू द्यायचं नव्हतं म्हणून. "पोरी, तुला एवढं कशाला गं सुचलं? मी काही बोलले होते का तुझ्या तोंडाबद्दल?"

"तुमी न्हाई, आत्याबाई."

"मग?"

"ह्यांनी सांगितलंच हुतं की. टेशनावर. तुमी बी हुता तितं." ती हळूहळू बोलत होती, ओठ फारसे न हलवता. "चेहरा भरला की फोटू पाठव म्हनाले. मला कळंना, खड्डं कसं भरायचं. मंग बाजारात त्यो बोर्ड दिसला. त्यावर बी त्योच शब्द. भरून मिळतील. म्हटलं, म्हंजे भरत्यात. ह्यांना ठावं आसंल, पलटनीत शिकल्याली मानसं हायेत."

आणि पुढं म्हणाली, "दर पत्रात इचारायचे. मला लई लाज वाटायची, अजून भरला न्हाई म्हनून."

ऐकलंस? तुला लाज वाटायला हवी तिथं तिला वाटत होती!

मी तुला नऊ महिने पोटात वागवलं. तुझे वडील मिशनचे उपदेशक होते, माणसाला माणूस म्हणा हे सांगत गावोगाव पायी फिरले. त्यांच्या मुलानं मरणाच्या दारातून परत आलेल्या बायकोला काय सांगावं? तोंड नीट झालं की मग बघेन! गाडी हलेपर्यंत थांबलास आणि तेवढंच बोललास. दुसरं काही सुचलं नाही? मी तुझी शिक्षिका होते, तुझी भाषा कधी कच्ची नव्हती. जे बोललास ते समजून बोललास. असला मुलगा माझ्या पोटचा, हे दवाखान्यात चारचौघींना सांगताना माझी मान खाली जाते.

आरसा भिंतीकडे वळवून ठेवलाय. तिनं नाही, मी. ती तर रोज पितळी तांब्यात बघते, मला दिसत नाही असं समजून.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

मरिया


केडगाव, ता. २७ ऑगस्ट १९४४

कृपादान,

खरंच पाठवलं नाहीस. ना मला, ना तिला. जूनपासून तुझं एक अक्षर नाही. जिवंत आहेस एवढं पलटणीच्या कचेरीतून कळलं, म्हणून लिहिते. माझ्या शब्दांनी तोंड फिरवलंस की दयाची हकीकत वाचून, ते तुझं तुला ठाऊक.

जखमा भरायला लागल्यात. तळातून, डॉक्टरबाई म्हणाल्या तशा. आत लालबुंद दाणे दिसतात, डाळिंबासारखे. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी घाबरले, पुन्हा नासलं की काय. डॉक्टरबाई हसल्या, म्हणाल्या, हेच तर हवं होतं. जबड्याखालचं तोंड मिटलं. उजव्या गालावरचं वरचं मिटलं, खालचं अजून वाहतं. जिथं मिटलं तिथं कातडी आत ओढली गेली आणि ओठाचा कोपरा वर गेलाय. एका बाजूनं ती सारखी हसते आहे असं वाटतं. डावा गाल फुटला नाही, पण त्यात गाठी आहेत, त्या तशाच राहणार.

ती आता जेवते. भाकरी दुधात कुस्करून खाते. चालते, फिरते, माझ्याबरोबर मळ्यातून भाजी आणते, तोंडावर पदर घेऊन.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी सकाळपासून तीनदा टाक हातात घेतला आणि ठेवला.

परवा ती माझ्या पायाशी येऊन बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, ह्यांना एक पत्र लिवा. मी मेले म्हनून लिवा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती शांतपणे सांगायला लागली. सगळा विचार करून ठेवलेला. आपल्यात एक बायको असताना दुसरी करता येत नाही. म्हणजे ती जिवंत आहे तोवर तू अडकलास. ती मेली असं कळलं की तू मोकळा. ती माहेरी नेवाशाकडे जाईल, भावाच्या घरात कोपरा धरून राहील, इकडं पुन्हा तोंड दाखवणार नाही. "देवीत मेले आसते तर झालंच आसतं की. तसंच समजा. तुमी लिवलं तर खरं वाटंल त्यांना. तुमी कदी खोटं बोलत न्हाई."

कृपादान, मी तिच्या थोबाडीत मारणार होते. हात उचललाही. मग दिसलं, मारायचं कुठं? गालाला जागाच नाही. तो हात तसाच हवेत राहिला आणि मी रडायला लागले. तुझे वडील गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते.

मी तिला म्हटलं, "असलं पत्र माझ्या हातून लिहून होणार नाही. फार तर नाताळापर्यंत थांब. तोवर त्याचं एक ओळीचं उत्तर आलं नाही, तर मी स्वतः तुला नेवाशाला पोचवते, आणि त्याला काय लिहायचं ते तेव्हा बघू."

ती तयार झाली. भावाला निरोपही धाडलाय.

तेव्हा हे माझं शेवटचं पत्र समज. तुला बायको हवी आहे की नको, एवढंच लिही. हो किंवा नाही. व्याकरण नको, पाल्हाळ नको.

मरिया


केडगाव, ता. १२ नोव्हेंबर १९४४

माझ्या लेकरा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर माझं नाव पाहिलं आणि दारातच उभ्यानं फोडलं. किती वर्षांनी तुझ्या हातचं 'ती. आईस' वाचलं.

तुमची तुकडी डोंगराळ मुलखात हलवली होती आणि टपाल मागेच राहिलं, चारही पत्रं तुला एका दिवशी मिळाली, हे वाचलं. एकदम चार! ती पत्रं लिहिणारी मीच, आणि ती तू एका बैठकीत वाचलीस. तू लिहितोस की वाचून झाल्यावर मोटारीखाली जाऊन पडून राहिलास, कुणी बोलावलं तर इंजिन बघतोय म्हणून सांगितलंस.

आणि मग ते पान. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय. तुझेच शब्द तुला लिहिते.

"आई, तिचे गाल आत गेले होते. बांगडी मनगटात राहत नव्हती, तुझ्यादेखत पडली. मी ती पुन्हा चढवली तेव्हा माझ्या हाताला नुसती हाडं लागली. मला वाटलं, ही काही जगत नाही. इथं आमच्याबरोबर बंगालची पोरं आहेत, त्यांच्या मुलखात माणसं अन्नावाचून रस्त्यात मरतात असं ती सांगायची. आपल्याकडेही रेशन. दया पोटभर खाते की नाही हे मला कसं कळणार? पत्रात ती बरं आहे असंच लिहिणार. म्हणून तेव्हा म्हटलं, आणि पुढं दर पत्रात विचारत राहिलो, चेहरा भरला की फोटो पाठव. अंगावर मूठभर मांस आलं की ते चेहऱ्यावरच दिसतं, तूच म्हणायचीस ना, आजारातून उठलेल्या पोराला बघून? वण मला दिसले नाहीत असं लिहीत नाही. दिसले. पण त्यांचं काय करायचं होतं? ती जिवंत होती. आई, मी बोललो ती मराठीच होती ना?"

होती रे बाबा. मराठीच होती.

चेहरा भरणे. मी शाळेत मुलींना सांगते, अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. 'तापातून उठल्यावर महिन्याभरात शांतूचा चेहरा भरला.' हे वाक्य मी स्वतः फळ्यावर लिहिलंय, दर वर्षी लिहिते. आणि फलाटावर माझ्या पोटच्या मुलाच्या तोंडून तेच ऐकलं तेव्हा मला त्यात खड्डे ऐकू आले! कारण मी त्या क्षणी वणच बघत होते. दया वणच आठवत होती. बांगडी फक्त तू बघितलीस. ती खाली पडली हे मीच तुला पहिल्या पत्रात लिहिलं, आणि लिहूनही मला कळलं नाही.

मी सुन्न झाले आहे, कृपादान. मुलखातला एक साधा शब्द, बाजारातल्या पाटीवर एका अर्थानं, तुझ्या तोंडी दुसऱ्या अर्थानं, आणि मधे ह्या पोरीचा चेहरा गेला. कुणावर चिडू? तुला बोलले ते शब्द मी परत घेते. ते कागदावर आहेत, ते फाडून टाक.

आता दयाचं सांगते. मी तिला समोर बसवून पत्र वाचून दाखवलं. बांगडीपाशी आले तेव्हा म्हणाली, "पुना वाचा." पुन्हा वाचलं. "पुना." मी तिसऱ्यांदा वाचलं. मला वाटलं, आता रडेल, किंवा सुखावेल, मला मिठी मारेल. तसलं काही नाही. ती उठून उभी राहिली आणि अशी कडाडली की रंगुबाई धावत आली.

"मंग तसं नीट सांगायला काय झालं हुतं? जेवत जा म्हनायचं! पोटभर खा म्हनायचं! येक शब्द जास्ती बोलले आसते तर काय गाडी सुटून गेली आसती?"

गाल ताणला आणि बारीकसं रक्त आलं. मी पट्टी घेऊन धावले, तर माझा हात झिडकारला. म्हणाली, "आन तुमी! तुमी तर मास्तरीन हाय!"

बरोबर आहे तिचं. दोन दिवस ती आम्हा दोघांवर रागावून होती, तुझ्यावर आणि माझ्यावर. मला तर बरंच वाटलं. मेलेलं माणूस इतकं रागावत नाही.

भावाला मात्र तिनं अजून नको म्हणून कळवलेलं नाही. मी विचारलं तर म्हणते, "बघू." तू लिहिलंस की आता फोटो आहे तसाच पाठवा, जखमेसकट. त्यावरही "बघू." तेव्हा मी तुला कसला भरवसा देऊ? माझ्या हातात नाही.

तुझी आई


केडगाव, ता. १० डिसेंबर १९४४

प्रिय कृपादान,

तुला आम्हा दोघींचा सलाम.

खालची जखमही आता मिटली. डॉक्टरबाईंनी मागच्या आठवड्यात शेवटचा बोळा काढला, आणि ह्यापुढे नुसतं तेल लावा म्हणाल्या. उन्हाळ्यात गाठी लाल होतील तेव्हा दाखवायला यायचं, ते आयुष्यभराचं. उन्हात फिरायचं नाही, चुलीशी फार वेळ तोंड न्यायचं नाही. स्वयंपाक आता मी करते. माझ्या भाकरी कशा होतात तुला ठाऊकच आहे. ती मुकाट खाते.

दवाखान्यातून निघालो तर ती टांगेवाल्याला म्हणाली, "कापडबाजाराकडून घ्या." म्हटलं, आता पुन्हा काय? पण टांगा त्या माडीवरून पुढं गेला. तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. सत्तारभाईंच्या फोटोच्या दुकानापाशी तिनं थांबवला.

सत्तारभाई तुला आठवत असतील, तुमच्या शाळेचे फोटो काढायचे ते. आता थकलेत. त्यांनी खुर्ची मांडली, मागं पडदा सोडला. दयानं तोंडावरचा पदर काढून खांद्यावर घेतला. गेल्या कित्येक महिन्यांत घराबाहेर पहिल्यांदा. सत्तारभाईंनी काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं, तिच्याकडे बघितलं आणि उगीचच मागचा पडदा सारखा केला. भला माणूस आहे. मी म्हटलं, दया, डावी बाजू पुढं कर, ती जरा बरी आहे. तिनं उजवी पुढं केली.

फोटो काढून झाल्यावर सत्तारभाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, फिकीर नका करू. सगळं भरून देतो."

मी एकदम वळले. "काय भरून देता?"

"चेहऱ्यावरचं. फोटो आधी काचेवर उतरतो, तिच्यावर पेन्सिल फिरवतो बारीक. देवीचे वण आसले, डाग आसले, भरून निघत्यात. आजवर किती बायांचे भरले. सोयरिकीला फोटो पाठवायचा आसला की लोक सांगत्यातच. कुनाला कळत बी न्हाई."

पेन्सिल! कृपादान, शिसपेन्सिल! गेल्या डिसेंबरात, त्याच बाजारात, त्या माडीपासून हाकेच्या अंतरावर हा माणूस पेन्सिल घेऊन बसला होता. तिला खड्डेच भरायचे होते तर इथं भरले असते, न टोचता, न दुखता, आणि तू तिकडं गुळगुळीत फोटो बघून खूश झाला असतास. मी खुर्चीचा दांडा धरून उभी राहिले. सत्तारभाईंनी पाणी मागवलं.

दयानं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "दावा बरं ती पेन्सिल."

त्यांनी दिली. सुईसारखं टोक केलेली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली, अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढली, पुसली आणि परत त्यांच्या हातात ठेवली.

"न्हाई सत्तारभाई," ती म्हणाली. "आता काय भरायचं न्हाई. हाय तसं द्या."

टांग्यात बसल्यावर मी तिला विचारलं, भावाला काय कळवायचं? स्टेशनाचा रस्ता आला तेव्हा म्हणाली, "मी येत न्हाई म्हनून कळवा."

फोटो सोबत आहे. उघडण्याआधी कुठंतरी बस. मोटारीखाली नको, उजेडात बस. मी रोज दोन वेळा तो चेहरा धुतलाय, तरी कागदावर पाहिला तेव्हा फोटो पालथा घातला, म्हणून आधी सांगते. ओठाचा कोपरा वर गेलाय तो हसू समजू नकोस, ती हसत नव्हती. हात मांडीवर ठेवलाय तो सत्तारभाईंनी ठेवायला लावलेला नाही. तिनं स्वतः तसा ठेवला आणि बांगडी वर दिसेल असा वळवला.

मागच्या बाजूला तिनं आपल्या हातानं लिहिलंय. मी शुद्धलेखन तपासलेलं नाही. तिनं तपासू दिलं नाही. तिथं तुला स्पष्ट वाचता आलं नाही तर, म्हणून इथं जसंच्या तसं उतरवते:

"पोटभर जेवते. बांगडी साबन लावून बी निघत न्हाई. चेहरा असा हाय. या."